अस्तर भुंकत नाही

४ जानेवारी

प्रिय आत्या,

"कोणत्या जातीचं कुत्रं पाळलं म्हणजे तुझा बाप मला एकटी म्हणायचं थांबेल?" तुझ्या पत्रातला हा प्रश्न मी पुन्हा पुन्हा वाचला आणि दर वेळी हसले. पण खरं सांगायचं तर मला त्याचं उत्तर येत नाही. आमच्या ग्रंथालयात कुत्र्यांवर जेवढी पुस्तकं आहेत तेवढी मी माझ्या टेबलावर रचून ठेवली. त्यांत केसांची लांबी आहे, कानांचे प्रकार आहेत, कोणाला किती फिरवावं लागतं ते आहे. भावाची समजूत कशी घालावी हे एकातही नाही.

आणि बाबा आता नुसते बोलत नाहीयेत. त्यांनी मागची खोली रिकामी केली आणि तुझ्यासाठी पलंग करायला घेतला आहे. पाय झालेत, फळ्या रंधून भिंतीला टेकवून ठेवल्यात. कामावरून आले की कानावरची पेन्सिल काढून त्यांवर काहीतरी खुणा करतात आणि म्हणतात, "या वयात एकटीनं शिवणाचं दुकान कशाला चालवायचं? पडली-झडली तर कळणार कोणाला?" आई म्हणते, "तिला विचारलंत का?" की ते रंधा उचलतात. एप्रिलमध्ये टेम्पो घेऊन तुला न्यायला येणार, असं त्यांनी ठरवलंय.

तेव्हा कुत्रा. मी मनापासून विचार केला आहे, थट्टा करू नकोस. पग दिसायला गोड, पण त्याचं नाक इतकं आखूड की त्याला धड श्वास घेता येत नाही. माणसांना चेहरा आवडतो म्हणून एखाद्या प्राण्यानं जन्मभर धापा टाकायच्या, हे मला पटत नाही. डॅशहंडची पाठ लांब, ती दुखावते. माल्टीजचे केस रोज विंचरावे लागतात आणि तू स्वतःचे विंचरत नाहीस. पॉमेरेनियनचं तर नावच काढू नकोस. पडद्याची झालर हलली तरी भुंकतो, असं एकूण एक पुस्तक सांगतं. तुझ्याकडे दिवसभर गिऱ्हाईक येणार, वर मास्तर राहतात, आठ दिवसांत भांडणं होतील.

माझं मत शित्झूला आहे. शांत असतो, माणसाच्या पायाशी बसून राहणं हेच त्याचं काम. घाई करू नकोस. आधी घर बघून, मग स्वभाव बघून, मग कुत्रा.

मला फोनवर बोलता आलं असतं तर बरं झालं असतं, पण तुझी पत्राची हौस मला ठाऊक आहे.

तुझी,
गुंडी


१२ जानेवारी

चि. गुंडीस, आशीर्वाद.

पुस्तकं जागेवर ठेवून दे. कुत्रा आलासुद्धा.

झालं असं, शाळेतल्या एक बाई माझ्याकडे मापाला येतात. त्यांच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांनी शिंका येतात. नवरा काढता येत नाही म्हणून त्या कुत्रा काढत होत्या. टोपलीत घेऊन आल्या. वर्षाचा आहे, तांबूस, नुसता केसांचा गोळा. मी म्हटलं, बघते. त्यांनी टोपली खाली ठेवली, तर हा बाहेर आला, साऱ्या दुकानाचा वास घेतला आणि मशीनच्या पायट्यावर, माझ्या पावलावर येऊन बसला. तो बसलाच. आता तू म्हणशील जात कोणती. पॉमेरेनियन.

ओरडू नकोस. तुझी पुस्तकं साफ चुकली आहेत. येऊन आठवडा होत आला, एकदासुद्धा भुंकला नाही. इतकं शांत जनावर मी पाहिलं नाही. नाव अस्तर ठेवलंय, कारण आतून चिकटलेला असतो.

फोनचं म्हणशील तर त्यात नुसती खरखर येते. पत्र कसं, चष्मा पुसून परत वाचता येतं. आणि तुझ्या बाबाशी तर समोरासमोर बोलणंही हल्ली कठीण झालंय. तरुणपणी मिशी ठेवली तेव्हा बरी होती, आता तिचं छप्पर झालंय. मिशीतल्या मिशीत पुटपुटतो आणि मग विचारतो, "पटलं ना?" मी मान हलवते. त्याला वाटतं पटलं.

वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी क्लॅरिनेट सोडलं वाटतं. बँडमधून निवृत्त झाल्यावर रोज संध्याकाळी जीव खायचे, आता गेले कित्येक महिने अगदी शांत. बिचारे थकले असतील.

आता ग्रॅज्युएट बाई, कुत्र्याला वळण कसं लावायचं ते लिहून पाठवा. तुझ्या पदवीच्या दिवसाचा कोट मी शिवला होता, त्याची फेड समज.

तुझी,
आत्या


१७ जानेवारी

प्रिय आत्या,

मी ओरडले नाही. थोडा वेळ टेबलावर डोकं ठेवून बसले, एवढंच. आमच्या ग्रंथपाल बाईंनी विचारलं, "कोणी गेलं का?" मी म्हटलं, "नाही, पॉमेरेनियन आला."

न भुंकणारा पॉमेरेनियन मला अजून कुठे सापडलेला नाही. नव्या घरात दबला असेल. त्याच्यावर आवाज चढवू नकोस.

वळणाचं असं. झोपून उठला, खाऊन झालं, खेळून झालं, की लगेच बाहेर न्यायचं, आणि बाहेर काम झालं की तिथल्या तिथे कौतुक करायचं. आत घाण केली तर रागवायचं नाही, पुसून टाकायचं. जुनं रागावणं त्याला कळत नाही, त्याला फक्त तू भीतिदायक वाटतेस. एका कृतीला एकच शब्द. "ये" म्हणजे ये. आज "ये", उद्या "इकडे बघ रे माझ्या राजा" असं नाही. शब्द स्पष्ट, आवाज आनंदी. ऐकलं की लगेच बिस्किटाचा कण. पुस्तकात लिहिलंय की सगळं शिक्षण आवाजाच्या चढउतारावर असतं.

आणखी एक. याचे पाय काडीसारखे असतात. खाटेवरून, खुर्चीवरून उडी मारू देऊ नकोस. उचलून खाली ठेव.

बाबांना मी कुत्र्याचं सांगितलं. ते म्हणाले, "कुत्रा काय दार उघडणार आहे?" आणि फळीला पॉलिश करायला बसले.

गुंडी


२ फेब्रुवारी

चि. गुंडीस, आशीर्वाद.

तुझा विद्यार्थी पहिल्या नंबरानं पास. बाहेर नेलं की शहाण्यासारखा उरकतो. बस म्हटलं की बसतो. पण तुझे ते आवाजाचे चढउतार मला काही जमले नाहीत. हातात कापड, तोंडात टाचण्या, बोलणार कुठून? मी हात आडवा धरते, तो बसतो. दोन बोटं हलवते, येतो. पायानं जमिनीवर दोनदा ठोकलं की मशीनखालून बाहेर. माझ्या चेहऱ्याकडे असा टक लावून बघत असतो की मला वाटतं, आमच्या दोघांचं शिक्षण एकाच शाळेत झालंय.

आणि एक गंमत. मी शिवत असते, हा माझ्या पावलावर अंग टाकून असतो, आणि मधेच मांजरासारखा घुरघुरतो. सगळं अंग थरथरतं, माझ्या तळपायाला गुदगुल्या होतात. केवढं समाधान म्हणावं! कोणी आलं की जास्तच. माणसांची आवड आहे त्याला.

मास्तरांचं मात्र काहीतरी बिनसलंय. परवा जिन्यात उभे राहून हातवारे करत होते, तोंड दुसरीकडे. मला वाटतं कुत्र्याचे केस उडतात म्हणून असेल. मी हसून दार लावून घेतलं. गिऱ्हाइकांचंही काय सांगू, दार न वाजवता परत जातात आणि मग मलाच ऐकवतात, "आलो होतो, तुम्ही उघडलं नाही." एकीचा कोट तसाच पडून आहे. लोकांना हल्ली दोन मिनिटं थांबायला नको.

आत्या


७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

कुत्रे घुरघुरत नाहीत. मी परत एकदा सगळं चाळून पाहिलं. आमच्याकडे पुस्तकं न्यायला एक जनावरांचे डॉक्टर येतात, त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, एवढ्या लहान कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते, ती दबली की तसा घरघर आवाज येतो. आवाज येतो का, किती मोठा येतो, ते नीट ऐकून लिही. गळ्यात पट्टा बांधत असशील तर आजच्या आज काढ आणि छातीवरून जाणारा बांध. आणि त्याला डॉक्टरकडे घेऊन जा, उद्यावर टाकू नकोस. माझा जीव टांगणीला लागला आहे.

गुंडी


१२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

कालच तुझ्याकडून परत आले आणि आज पत्र लिहिते आहे, याचं तुला नवल वाटेल. समोर बसून मला बोलता आलं नाही.

अस्तरच्या काळजीनं मी न कळवता आले. तुझ्या दारापाशी पोचले तेव्हा वर क्लॅरिनेट वाजत होतं. मास्तरांनी काहीही सोडलेलं नाही, एकच तान घोळवत होते, चांगली मोठ्यानं. मी दार वाजवलं. आतून भुंकण्याचा असा काही जोर उठला की मी एक पायरी मागे सरकले. मग परत वाजवलं. तो भुंकतच होता. तू येशील म्हणून मी उभी राहिले. मग खिडकीशी गेले.

तू पाठमोरी बसली होतीस. मशीनवर निळा कोट होता. अस्तर तुझ्या पावलावर उभा होता, मान वर करून, सगळं अंग उडवत भुंकत होता. आणि तू खाली न बघता म्हणालीस, "घुरघुर रे बाळा, घुरघुर." तुझा आवाज इतका लाडाचा होता.

मी किती वेळ उभी होते ते मला सांगता येणार नाही. मग खिडकीच्या दुसऱ्या बाजूला गेले, माझी सावली तुझ्या कापडावर पडली आणि तू वळलीस. दार उघडून म्हणालीस, "अगंबाई, गुंडे! दार वाजवायचं नाही का?" मी म्हटलं, "आत्ताच आले." हे मी खोटं बोलले. परत येताना बसमध्ये तेच टोचत राहिलं. म्हणून लिहिते आहे.

आत्या, अस्तर भुंकतो. खूप भुंकतो. माझी पुस्तकं बरोबर होती आणि ती चुकीची निघाली असती तर मला फार आवडलं असतं. मास्तर रागावलेत ते केसांवरून नाही. आणि ती कोटवाली बाई दार वाजवत होती.

फोनची खरखर, बाबांची मिशी, तुझी पत्राची हौस, सगळं मला त्या खिडकीत एकदम कळलं. कधीपासून आहे हे? मला का नाही सांगितलंस?

तुझ्यावर अतिशय माया असलेली,
गुंडी


२३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

उत्तर नाही. रागावली असशील तर राग लिही, पण लिही. मी घरात कोणाला काही बोललेले नाही. बाबांनी पलंगाला डोक्याकडची फळी लावली.

गुंडी


३ मार्च

गुंडे,

पदवी घेतलीस ती माझे कान तपासायला का? खिडकीतून बघत होतीस! मी तुला चहा दिला, उकडलेलं अंडं सोलून दिलं, आणि तू माझ्यासमोर बसून मनात नोंदी करत होतीस. पहिले काही दिवस मी इतकी चिडले होते की तुझं पत्र मशीनच्या खणात कोंबलं आणि वर कात्री ठेवली.

आता ऐक. मला ठाऊक होतं. कपडे शिवायच्या कारखान्यात होते तेव्हा एका हॉलमध्ये एवढी मशीनं एकदम चालायची की शेजारणीशी बोलायचं तर हातानं आणि ओठांनी. आम्ही सगळ्या जणी तशाच बोलायचो, भांडायचोसुद्धा तशाच. तिथून बाहेर पडले तेव्हा कान थोडे मंद झालेत एवढं कळलं होतं. डॉक्टरांनी यंत्र दिलं. ते लावलं की मशीनचा खडखडाट थेट कवटीत. काढून डब्यात ठेवलं. माणूस समोर असलं, तोंडावर उजेड असला, की मला सगळं कळतं. तुझ्या बाबाची मिशी सोडून.

पण मला वाटत होतं थोडंसंच गेलंय. हे मी खोटं सांगत नाही. तुझं पत्र वाचल्यावर चार-पाच दिवसांनी मी वर गेले, मास्तरांना खाली घेऊन आले आणि म्हटलं, बाहेर उभे राहा आणि दार वाजवा. अस्तरला मांडीवर घेतलं, त्याच्या गळ्याला हात लावला. गुंडे, त्याचं तोंड उघडत मिटत होतं आणि माझ्या हातात जणू मशीन चाललं होतं. आणि मला काय ऐकू आलं? पलीकडच्या इमारतीत कोणी खोकतंय असं. हा इतके दिवस माझ्या पायावर उभा राहून जीव तोडून सांगत होता, कोणीतरी आलंय, आणि मी त्याला म्हणत होते घुरघुर.

मी रडले. मास्तरांची पंचाईत झाली. त्यांनी मलाच माझ्या स्टोव्हवर चहा करून दिला, साखर विसरले.

आता मुद्द्याचं. तू दादाला सांगितलंस तर तो पलंगासकट येईल. तुमच्याकडे मला काय काम आहे? सगळे प्रेमानं वागाल हे ठाऊक आहे. मी कोपऱ्यात बसून तुमचे ओठ बघत राहीन आणि हसायचं कधी ते तुमच्याकडे बघून ठरवीन. इथे माझ्या हातात कात्री आहे तोवर मी कोणीतरी आहे. म्हणून तू गप्प राहा. विचारलंच तर नाही म्हण. एवढं खोटं आत्यासाठी बोलशील ना?

आत्या


८ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी ग्रंथालयाच्या मागच्या पायऱ्यांवर बसून वाचलं. खिडकीतून बघितलं त्याबद्दल क्षमा कर.

पहिली गोष्ट अस्तरची. ज्याला आपण दोष समजत होतो तोच त्याचा गुण आहे. दारावर कोणी आलं की त्याला कळतं आणि ते सांगितल्यावाचून त्याला राहवत नाही. फक्त तो सांगतो आवाजात. त्याला पंजानं सांगायला शिकवायचं. मी यावर वाचलं आणि त्या डॉक्टरांशीही बोलले. ते म्हणाले, लहान कुत्र्यांना हे उत्तम जमतं.

असं कर. आधी दार नको. बिस्किटाचा कण मुठीत धरून मूठ गुडघ्यावर ठेव. तो पंजा मारेल. मारला की मूठ उघड. एवढंच, थोडा थोडा वेळ, दिवसातून चार-पाचदा, कंटाळायच्या आत थांब. गुडघ्याला पंजा लावणं त्याच्या अंगवळणी पडलं की मग मास्तरांना दार वाजवायला सांग. तो भुंकायला लागेल. तू उठू नकोस, मूठ गुडघ्यावर ठेव. पंजा लागला की कण दे, मग त्याच्याबरोबर दारापर्यंत जा आणि दार उघड. दार पंजामुळे उघडतं, भुंकण्यामुळे नाही, हे त्याच्या डोक्यात बसायला हवं. चुकला तरी रागवायचं नाही.

दुसरी गोष्ट. यंत्र डब्यातून काढ. मशीन बंद असताना, थोडा वेळच लाव.

तिसरी गोष्ट बाबांची. मी खोटं बोलणार नाही, आत्या. एकदा तुझ्या दारात बोलले, तेवढं पुरलं. पण बाबांचं काय करायचं ते माझ्यावर सोड.

गुंडी


२९ मार्च

चि. गुंडीस, आशीर्वाद.

माझ्यावर सोड म्हणालीस, सोडलं. तू गप्प राहशील एवढं मला पुरे.

मुठीचा धडा अस्तरनं चटकन उचलला. मग तर गुडघा दिसला की पंजा. माप घ्यायला आलेल्या बाईंच्या गुडघ्यालाही पंजा. त्या बाई किंचाळल्या असणार, ओठ तरी तसे दिसले. दाराचा धडा मात्र कठीण गेला. तो दाराकडे धावायचा आणि तिथूनच मला ओरडून बोलवायचा, जसा तुझा बाबा अंघोळीतून टॉवेल मागतो. मी जागची हलले नाही. मास्तर बाहेर ताटकळत. एकदा पाऊण तास वाजवत होते, मग म्हणे क्लॅरिनेट आणतो, निदान हात दुखणार नाहीत.

आणि परवा काय झालं, मी बटणाची काजं करत होते, मान खाली. गुडघ्याला टोचलं. मला वाटलं भूक लागली असेल. "थांब रे," म्हटलं. परत टोचलं. पळत दाराशी गेला, परत आला, परत टोचलं. मी उठले. दारात कोटवाली बाई! मास्तर नव्हे, खरी बाई! तिला मिठी मारायचीच बाकी होती. तिला वाटलं कोट बिघडवला.

ये म्हणावं आता दादाला.

आत्या


१६ एप्रिल

चि. गुंडीस, खूप खूप आशीर्वाद.

जिंकलो! तुझ्या बाबाला काही म्हणता काही कळलं नाही!

परवा सकाळी आला. मी इस्त्री करत होते, पाठ दाराकडे. अस्तर आला, टोचलं, मी ऐटीत जाऊन दार उघडलं, तर दादा. म्हटलं, "ये, किती वेळ उभा आहेस?" म्हणाला, "आत्ताच." एकदा वाजवलं आणि मुकाट उभा राहिला असणार, एरवी हा हाका मारून गल्ली गोळा करतो. टेम्पो आणला नव्हता. मिळाला नसेल. काखेत लाकडाच्या तीन पायऱ्या होत्या, कुत्र्याला खाटेवर चढायला. तूच सांगितलं असशील उडीचं. सुरेख केल्यात, कडा गोल घासल्यात, अस्तर तिथेच बसून असतो.

पण गुंडे, तुझ्या बाबानं मिशी काढली! मला ओळखूच येईना. सोललेल्या बटाट्यासारखा दिसतोय. मी पोट धरधरून हसले. म्हटलं, "हे काय रे?" म्हणाला, "उकडत होतं." म्हातारपणी काय एकेक सुचतं! त्याला सांग, परत ठेव.

दिवसभर राहिला. खिडकीपाशी खुर्ची ओढून माझ्या समोर बसला आणि किती बोलला! मी विचार करत होते, याला झालंय तरी काय. लहानपणच्या गोष्टी काढल्या, मी त्याच्या पाटीवर पाय दिला होता ते काढलं. एक शब्दसुद्धा चुकला नाही माझा. मधे तो परसात गेला, पुढच्या दारानं येऊन परत वाजवलं, उगाचच. अस्तरनं लगेच वर्दी दिली. दादानं अस्तरला उचललं आणि बराच वेळ त्याच्याशी काहीतरी बोलत राहिला, पण तेव्हा पाठ होती.

जाताना पलंगाचा विषयच काढला नाही. मीही काढला नाही. म्हणाला, "दुकान छान ठेवलंयस." एवढंच. जिंकलो की नाही?

यंत्र संध्याकाळी लावते. मास्तरांचं क्लॅरिनेट ऐकलं. अजूनही बेसूरच आहे.

तुझी,
आत्या


२० एप्रिल

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. बाबा दारात उभे राहून ऐकत होते. सोललेला बटाटा आला तेव्हा आत निघून गेले, पण त्यांचे खांदे हलताना आम्हाला दिसले.

आता जरा बसून घे. बाबांना सगळं माहीत होतं.

तुझ्याकडे यायच्या आठवडाभर आधी मी त्यांच्यापाशी जाऊन बसले. ते पलंगाच्या फळ्या जोडत होते. मी विचार केला होता, की आपण त्यांना फसवलं, तर तुला पुढे प्रत्येक भेटीत फसवत राहावं लागेल. नेहमी उजेडाकडे तोंड करून बसायचं, नेहमी मान हलवायची. ज्याच्यापासून लपायचं तो माणूस जवळचा कसा राहील? तू म्हणशील ही पुस्तकातली वाक्यं आहेत. असतील.

मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे मी बोलतो ते तिला कळत नाही?" मी म्हटलं, "समोर बसलात तर कळतं. ती ओठ बघते." त्यांनी हातातली फळी खाली ठेवली. मग म्हणाले, "मला वाटायचं तिला माझ्याशी बोलायचा कंटाळा येतो. मी काहीतरी मनापासून सांगतो आणि ती नुसती मान हलवते. इतकी वर्षं मला वाटायचं, आपली बहीण आपल्याला विटली." आत्या, म्हणून तर पलंग. तुला जवळ आणून बसवलं की तू बोलशील, असं त्यांच्या मनात होतं.

मी त्यांना एवढंच म्हटलं, दार वाजवा, हाक मारू नका आणि थांबा. मग काय ते ठरवा. टेम्पो नको असं ते स्वतःच म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पलंग सुटा झालेला होता. अस्तरच्या पायऱ्या कोणत्या फळ्यांच्या आहेत ते तुला ओळखता आलं नाही, कारण तू त्या कधी पाहिल्याच नव्हत्यास.

मिशीबद्दल मी एक शब्दही बोलले नव्हते. ते निघाले त्या सकाळी न्हाणीघरातून बिनमिशीचेच बाहेर आले. आईच्या हातातली बशी पडली. "उकडत होतं," असं तिलाही म्हणाले, आणि पायऱ्या काखेत मारून बस पकडायला गेले.

त्यांनी मला बजावलं होतं, तिला जिंकू दे, काही सांगू नकोस. आणि त्याआधी तू मला बजावलं होतंस, दादाला काही सांगू नकोस. तुला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. म्हणून न विचारता मी त्यांना सांगितलं, आणि आज त्यांना न विचारता तुलाही सांगून टाकलं.

तुझी,
गुंडी